रुग्णाच्या उशाशी : पुण्यातील वेदनाशमनाचा इतिहास

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक पत्र छापून आले. पत्राबरोबर एका माणसाचे चित्र होते, जेम्स वेल्स या चित्रकाराने रंगवलेल्या चित्रावरून कोरलेले. चित्रातला माणूस कावसजी. तो इंग्रज फौजेत बैल हाकत असे. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापून टाकण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभार-वीटकर जातीच्या कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतले, भरल्या पेठांचे ते पुणे होते. पत्रात या शस्त्रक्रियेची कृती बारकाईने दिली आहे. कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून त्याला आकार दिला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ ओढली आणि त्या रेघेवरून वस्तऱ्याने कपाळाचे कातडे सोलून काढले. दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी मात्र तशीच जोडलेली ठेवली. सुटे झालेले कातडे पिळून खाली आणले आणि थोट्याभोवती घेतलेल्या चिरेत त्याची कड बसवली. वर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या ठेवल्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी आली. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली पट्टी कापून नाक मोकळे केले. मुंबई इलाख्याच्या सेवेतल्या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे पत्रात म्हटले आहे.

प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगणारे बहुतेकजण या पत्रापासून सुरुवात करतात आणि त्या कारागिराच्या कौशल्याचा यथार्थ गौरव करतात. त्याच पत्रात एका गोष्टीचा मात्र उल्लेख नाही, तो म्हणजे वेदना कमी करण्याच्या उपायाचा. कपाळाच्या कातड्यात मज्जातंतूंचे दाट जाळे असते. साधी खोक पडली तरी तिथे किती झोंबते, हे सर्वांना माहीत आहे. इथे तर ते कातडे वस्तऱ्याने उचलले जात होते. त्यातली पट्टी जोडलेली राहिल्यामुळे जुने मज्जातंतूही शाबूत राहतात, आणि अशा रुग्णाच्या नव्या नाकाला हात लावला तर काही काळ तो स्पर्श त्याला कपाळावर झाल्यासारखा वाटतो. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४मध्ये हीच पद्धत एका लष्करी अधिकाऱ्यावर वापरली, तेव्हाही भूल नव्हती. वेदना भयंकर होती, पण तक्रार करून उपयोग नव्हता, अशा अर्थाचे त्या अधिकाऱ्याचे उद्गार कार्प्यूने नोंदवून ठेवले आहेत. पुण्याहून लंडनला विद्या गेली. वेदनेवरचा उपाय दोन्हीकडे नव्हता.

आपल्याकडे काहीच नव्हते असे नाही. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला खाऊ घालावे, आणि ज्याला वेदना सोसत नाही अशा मद्य घेणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. अफू होती, भांग होती. पण मद्याने माणूस झिंगतो, त्याचे शरीर सैल पडत नाही. अफूचा डोस वाढवला तर वेदनेबरोबर श्वासही मंदावतो. म्हणून शस्त्रवैद्याची कामे शरीराच्या पृष्ठभागावरची किंवा झटपट उरकता येणारी राहिली : गळू फोडणे, बाण किंवा गोळी काढणे, मूतखडा काढणे, सडलेला अवयव तोडणे, नाक-कान सांधणे. पोट उघडून आत शांतपणे हात घालणे शक्यच नव्हते. हात किती चपळ आहे यावर सर्जनची किंमत ठरे आणि धरून ठेवणारी माणसे किती दणकट आहेत यावर शस्त्रक्रियेचे यश. तेव्हा शल्यविद्येची सीमा ज्ञानाच्या अभावापेक्षाही वेदनेने आखलेली होती. ही सीमा कशी ओलांडली गेली आणि त्यासाठी औषधाखेरीज आणखी काय लागले, हे पुण्याच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची वाफ देऊन रुग्णाला गुंगवले आणि त्याच्या मानेवरची गाठ सर्जनने काढली. सुमारे पाच महिन्यांनी, मार्च १८४७मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात ईथरचा प्रयोग झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरात जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरला, आणि जानेवारी १८४८मध्ये तोही कलकत्त्यात पोहोचला. त्याच १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सोसण्यातच शहाणपण मानणाऱ्या समाजात, सोसलेच पाहिजे का, हा प्रश्न त्या वर्षी दोन अगदी वेगळ्या ठिकाणांहून विचारला जात होता. आणि त्याच जानेवारीच्या २८ तारखेला इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मखाली काही मिनिटांत दगावली. औषध हाती येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच त्याची किंमत कळली होती.

तरीही हिंदुस्थानात ईथर मागे पडले आणि क्लोरोफॉर्म टिकला. याची कारणे हवेत आणि दिव्यात आहेत. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते. पुण्याच्या चैत्र-वैशाखात उघडी बाटली कितीशी पुरणार? क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, थोडा पुरतो, आणि लहान बाटलीत घालून लष्करी छावणीपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कुठेही नेता येतो. ईथरची वाफ पेट घेते, क्लोरोफॉर्मची घेत नाही. जिथे रात्रीची शस्त्रक्रिया तेलाच्या दिव्यावर व्हायची, तिथे हा फरक जीवनमरणाचा होता. उघड्या ज्योतीजवळ क्लोरोफॉर्मचे विघटन होऊन घशाला झोंबणारा विषारी वायू बनतो, हे खरे, पण स्फोटापेक्षा तो धोका पत्करणे सोपे होते. १८६७मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात ससून रुग्णालय उघडले. त्याच वर्षी जोसेफ लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे आपले लेख प्रसिद्ध केले. भूल आणि जंतूंपासून बचाव ही दोन चाके जुळल्यावर आधुनिक शल्यविद्येची गाडी पुढे सरकली.

पुण्यात या नव्या विद्येचे सर्वांत ठळक भारतीय नाव म्हणजे रावबहादूर डॉ. विश्राम रामजी घोले. जन्म १८३३चा. लष्करी वैद्यकीय सेवेत काम केलेले, शस्त्रवैद्य म्हणून नावाजलेले, पुढे व्हाइसरॉयचे मानद सर्जन झालेले. ते सत्यशोधक समाजाचे धुरीण आणि जोतीरावांचे डॉक्टर होते. १८८८मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला तेव्हा उपचार त्यांनीच केले. बुधवार पेठेत फरासखान्याजवळचा ‘बाहुलीचा हौद’ त्यांनी लहानपणीच वारलेल्या काशीबाई ऊर्फ बाहुली या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. घोल्यांची पिढी म्हणजे वेदनेचा जुना काळ आणि भुलीचा नवा काळ दोन्ही पाहिलेली पिढी. सर्जन होऊनही सामाजिक दुःखाशी इतका जवळचा संबंध ठेवणारा माणूस याच पेठेत होता, हे पुण्याने विसरू नये.

क्लोरोफॉर्म देण्याची रीत दिसायला अगदी साधी होती. तारेच्या सांगाड्यावर कापड ताणायचे, ते नाकातोंडावर धरायचे आणि बाटलीतून थेंबथेंब सोडायचा. अवघड काम त्यानंतरचे. गुंगी चढली की जबडा सैल पडतो, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. म्हणून जबड्याच्या कोनामागे बोटे घालून तो सतत पुढे उचलून धरावा लागतो. पापणीला स्पर्श करून ती मिटते का पाहायचे, बाहुली किती मोठी झाली ते पाहायचे, छातीची लय ऐकायची आणि थेंबांचा वेग त्यानुसार कमीजास्त करायचा. सर्जनचे लक्ष जखमेकडे असते, ते तिथेच असले पाहिजे. तेव्हा हे सगळे पाहणारा दुसरा माणूस उशाशी हवा. पण हे काम दुय्यम समजले गेले. हाताशी असेल त्या कनिष्ठ डॉक्टरकडे, विद्यार्थ्याकडे किंवा कंपाउंडरकडे बाटली दिली जाई. माणसे टेबलावर दगावत आणि दोष औषधाला किंवा नशिबाला दिला जाई.

या मृत्यूंचा शोध घेण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न निजामाच्या राज्यात झाला. मराठवाडाही तेव्हा याच राज्यात होता. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८मध्ये पहिले आणि १८८९मध्ये दुसरे क्लोरोफॉर्म कमिशन बसले. निजाम सरकारने खर्च केला, आणि दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हे औषधशास्त्रज्ञ आले. शेकडो कुत्री आणि माकडे यांच्यावर प्रयोग करून निष्कर्ष काढला गेला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि मग हृदय, म्हणून नाडी धरून बसू नका, श्वास पाहा. या कामात रूपाबाई फर्दुनजी या हैदराबादच्या पारशी तरुणीचा सहभाग होता. पुढे अनेक वर्षे त्यांनी तिथल्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म दिला, आणि जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. लॉरींचा सिद्धान्त मात्र पुरता टिकला नाही. १९११मध्ये गुडमन लेव्हीने दाखवून दिले की भूल हलकी असताना शरीरातल्या अ‍ॅड्रिनलिनमुळे क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. मग कमिशनचे काम वाया गेले का? तसे म्हणता येणार नाही. हृदयाबद्दल लॉरी चुकले, पण क्लोरोफॉर्म देणाऱ्याने दुसऱ्या कशाकडेही न पाहता श्वासाकडेच पाहावे हा त्यांचा आग्रह बरोबर होता. या आग्रहातूनच, भूल देणे हे स्वतंत्र आणि पूर्ण लक्ष मागणारे काम आहे ही समजूत आपल्याकडे रुजू लागली.

या समजुतीची कसोटी पुण्यात १२ जानेवारी १९२४च्या रात्री लागली. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींच्या पोटात दुखू लागले. अपेंडिक्स सुजल्याचे निदान झाले आणि त्यांना ससूनमध्ये हलवण्यात आले. मुंबईहून त्यांच्या विश्वासातले डॉक्टर वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. पुण्याचे डॉ. फाटक आणि भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना बोलावण्यात आले. सरकारपुढे मोठा पेच होता. इंग्रज सर्जनच्या हातून कैदेतल्या गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर देशभर संशयाचा आगडोंब उसळला असता. म्हणून गांधीजींनी लेखी संमती दिली : आपल्यावर चांगले उपचार झाले, डॉक्टरांवर विश्वास आहे, शस्त्रक्रिया करावी. सही करताना हात थरथरत होता, आणि कर्नल मॅडॉक यांना ते दाखवून गांधीजी हसले, असे शास्त्रींनी नोंदवले आहे. डॉ. दाते यांनी क्लोरोफॉर्म दिला आणि मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया सुरू केली. मध्येच वीज गेली. लुई फिशर यांच्या चरित्रानुसार परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली आणि उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पार पडली.

या प्रसंगात मॅडॉक यांचे नाव सर्वांना आठवते, दात्यांचे क्वचित. पण त्या अंधारात काय घडत होते ते पाहा. सर्जनला उजेड नसेल तर तो क्षणभर हात थांबवू शकतो. भूल देणाऱ्याला थांबता येत नाही, कारण रुग्णाचा श्वास थांबून चालत नाही. बाहुली दिसत नाही, ओठांचा रंग दिसत नाही. उरतो तो बोटांना लागणारा जबडा आणि कानाला ऐकू येणारा श्वास. आणि कंदील टेबलाजवळ आणता आला, कारण वापरात क्लोरोफॉर्म होता, ईथर नव्हते. अठराव्या शतकातला कावसजी आणि विसाव्या शतकातले गांधीजी यांच्यामधले अंतर या एका रात्रीत मोजता येते. एकाला वस्तऱ्याखाली जागे राहावे लागले. दुसऱ्याच्या पोटात अंधारात शस्त्र फिरत असताना तो निर्धास्त झोपला होता, कारण कोणीतरी त्याच्यासाठी जागे होते. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली.

इथे एक आक्षेप घेतला जाईल. ‘हिंद स्वराज्य’मध्ये १९०९ साली रुग्णालयांवर आणि डॉक्टरांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीच शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे त्यांची टीका पोकळ ठरली, असे तेव्हाही म्हटले गेले. पण त्यांच्या टीकेचा रोख शरीराला औषधाच्या हवाली करून निर्धास्त होण्याच्या वृत्तीवर होता, आणि भुलीचा इतिहास या बाबतीत त्यांच्याच बाजूने साक्ष देतो : नुसत्या बाटलीवर विसंबले तिथे माणसे मेली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गांधीजी हे असामान्य रुग्ण होते, सरकारची अब्रू त्यांच्या श्वासाला बांधलेली होती. खेड्यातून बैलगाडीने ससूनला आलेल्या बाळंतिणीच्या उशाशी इतके लक्ष देणारे कोणी होते का? बहुतेक वेळा नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण म्हणूनच हा प्रसंग महत्त्वाचा आहे. जे लक्ष एका कैद्याला भीतीपोटी दिले गेले, ते प्रत्येकाला हक्काने मिळावे, यासाठी पुढची धडपड झाली. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या पुणे सेवासदनाने १९०९नंतर स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी पुढे आणले. १९४६मध्ये बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आले, १९४७मध्ये भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९४८मध्ये पुण्यातच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भूल देणे हे कोणीही करायचे काम राहिले नाही, ती शिकून मिळवायची विद्या झाली. क्लोरोफॉर्म हळूहळू कपाटातून गेला.

दरम्यान दुसरी एक वाट उघडली होती. १८८४मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला, आणि १८९८मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअरने पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचे शरीर. आता मेंदूला झोपवण्याची गरज नव्हती, वेदना वाहून नेणारा मज्जातंतूच वाटेत अडवता येत होता. आज सिझेरियनसाठी पाठीत दिले जाणारे इंजेक्शन आणि हाताच्या शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत मानेजवळ दिला जाणारा ब्लॉक ही याच वाटेवरची ठिकाणे आहेत. मज्जातंतू हाताळण्याची ही विद्या भूलतज्ज्ञाकडे आली, आणि तीच त्याला ऑपरेशन थिएटरच्या बाहेर घेऊन आली. कारण मज्जातंतूच बिघडला तर जखम नसतानाही वेदना होते. नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने कपडा लागला तरी होणारी आग, मधुमेह्यांच्या तळपायांना रात्री येणाऱ्या मुंग्या, दुचाकीच्या अपघातात खांद्याजवळचे मज्जातंतू तुटल्यावर बधिर हातातही उठणाऱ्या कळा, या वेदनेला साधी वेदनाशामक गोळी फारशी लागू पडत नाही.

बुधवार पेठेने या वेदनेचे एक कठोर रूप पाहिले आहे. देहविक्रयाचा बाजार असलेल्या या वस्तीत एचआयव्हीने अनेक स्त्रियांना गाठले. २००४पासून सरकारी केंद्रांतून मोफत औषधे मिळू लागली आणि मरणाच्या दारातून माणसे परतली. त्या वेळच्या औषधांत स्टॅव्हुडीन होते. स्वस्त आणि प्रभावी, पण मज्जातंतूंना अपाय करणारे. विषाणूही मज्जातंतू बिघडवतो, आणि त्यात या औषधाची भर पडली की तळपाय जळतात, जमिनीवर पाऊल टेकवत नाही. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडीन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. कोणी म्हणेल, जीव वाचला, मग पाय जळण्याचे काय एवढे? पण ज्या बाईला चालता येत नाही ती औषध आणायलाही जाऊ शकत नाही, आणि वेदनेपायी गोळ्या सोडल्या तर वाचलेला जीवही जातो. क्लोरोफॉर्मने शिकवलेला धडाच इथे पुन्हा समोर येतो. औषध दिले म्हणजे काम संपले नाही. ते घेणाऱ्याला काय होते आहे हे पाहणारा आणि विचारणारा माणूस लागतो.

वेदना सोसण्यात थोरपण आहे, या आपल्याकडच्या समजुतीला हा इतिहास दुजोरा देत नाही. कावसजीने सोसले ते दुसरा उपाय नव्हता म्हणून. उपाय असताना सोसायला लावणे ही हेळसांड आहे. मॉर्फिनसारख्या औषधांच्या व्यसनाची भीतीही पुढे केली जाते, आणि ती निराधार नाही. पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या जाचामुळे कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळेना, तेव्हा २०१४मध्ये संसदेला तो सुधारावा लागला. भीतीवर उत्तर आहे ते देखरेखीचे, औषध नाकारण्याचे नाही. तेव्हा वाचकांना एवढेच सांगायचे आहे. घरातल्या कोणाची शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनच्या नावाबरोबर भूल कोण देणार हेही विचारा, त्या डॉक्टरांना आधी भेटा, रुग्णाची जुनी दुखणी, चालू औषधे आणि अ‍ॅलर्जी त्यांना सांगा. शस्त्रक्रियेनंतर किंवा नागिणीनंतर आग थांबत नसेल तर ती वयाच्या किंवा नशिबाच्या माथी न मारता वेदना उपचार केंद्राची चौकशी करा. आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत अशी केंद्रे आहेत का, तिथे पुरेसे भूलतज्ज्ञ नेमलेले आहेत का, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारत राहा. एका रात्री ससूनमध्ये एका कैद्याला जे लक्ष मिळाले, ते मिळण्यासाठी रुग्णाला महात्मा असावे लागू नये.